चर्च स्ट्रीटवरचं नाणं

बेंगळुरूला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी पूर्वी ठरलेली असे. लालबाग, कब्बन पार्क, रस्त्यावरूनच बघायचं विधानसौध, बसवनगुडीचा नंदी, चिकपेठेत रेशमी साडी आणि परतीच्या उद्यान एक्सप्रेसमध्ये मांडीवर मैसूरपाकाचा डबा. आता यादी फोनमध्ये असते आणि तिच्यात बघायच्या जागांपेक्षा खायच्या जागा जास्त असतात. त्यातही जेवणाच्या जागा थोड्याच. बाकी सगळ्या एकेका चीजवस्तूच्या. कुठे काळाकुट्ट कोन, कुठे हातभर लांबीचा बटाट्याचा काप, कुठे तोंडातून धूर काढणारं बिस्कीट. प्रत्येकासमोर ‘मस्ट ट्राय’ असं लिहिलेलं. हे न खाता परतलात तर गावी तोंड दाखवायला जागा नाही, असा एकूण सूर.

प्रस्तुत लेखकाच्या हाती ही यादी आली ती भाच्याकडून. भाचा मूळचा कोल्हापूरचा, नोकरीला व्हाइटफील्डमध्ये. यादीत पहिल्या क्रमांकावर चर्च स्ट्रीटवरचं एक दुकान होतं. नाव सांगत नाही, कारण असली दुकानं त्या परिसरात एकासारखी एक आहेत आणि एकाचीच बदनामी करणं अन्यायाचं होईल.

चर्च स्ट्रीट हा एम. जी. रोडला समांतर जाणारा लहानसा रस्ता. एका टोकाला ब्रिगेड रोड, दुसऱ्या टोकाला सेंट मार्क्स रोड. २०१८ मध्ये त्याचं रूप पालटलं. डांबर जाऊन दगडी फरसबंदी आली, पदपथ रुंद झाले आणि माणसं रस्त्यावर चालण्यासाठीच येऊ लागली. जुन्या पुस्तकांची दुकानं इथे आहेत. एम. जी. रोडवरचं इंडिया कॉफी हाउसही २००९ मध्ये इथेच हललं आणि पगडीधारी वाढपी अजून तिथे कॉफी आणून देतात. पण शनिवारी संध्याकाळी खरी गर्दी असते ती ज्यांच्या पाटीवर गुलाबी निऑन दिवे आहेत त्या गाळ्यांपुढे.

आमच्या गाळ्यात विकायला एकच वस्तू होती: नाण्याच्या आकाराचा पाव. तळहाताएवढा गोल, बाहेरून वॉफलसारखा, आत मोझरेला चीज. गाळा दहा बाय दहाचा, त्यातली अर्धी जागा सजावटीला दिलेली. भिंतीवर पंख रंगवलेले. त्यांच्यामध्ये उभं राहून फोटो काढायचा. खाली जमिनीवर पिवळा गोल, कुठे उभं राहिलं की दिवा चेहऱ्यावर नीट पडतो ते दाखवणारा. ओतीव लोखंडाचे साचे दोन होते, पण चालू एकच. दुसरा साचा का बंद, असं विचारल्यावर पोऱ्या हसला. रांग त्या वेळी शेजारच्या चपलांच्या दुकानापुढून वळून पुढे गेली होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, इथे काय मिळतं? दुसरा साचा पेटवला असता तर रांग पंधरा मिनिटांत संपली असती आणि हा प्रश्न विचारायला कुणी थांबलं नसतं. इतकं साधं गणित होतं.

नंबर आला. पोऱ्याने पाव कागदात ठेवला, पण लगेच हाती दिला नाही. “सर, पहले वीडियो, फिर बाइट,” म्हणाला. भाच्याने फोन सरसावला. पोऱ्याने दोन्ही अंगठे पावाच्या मधोमध दाबले, पाव फाडला आणि हात बाजूला नेत नेत चीजची दोरी फूटभर ताणली. मागच्या रांगेतून “ओहो” आलं. ते “ओहो” दर दोन मिनिटांनी येत होतं.

चव सांगायची तर पॅनकेकच्या पिठाची, जरा जास्त गोड. आतल्या चीजला मीठ बेताचंच. पहिला घास गरम होता म्हणून बरा लागला. तिसऱ्या घासापर्यंत चीज घट्ट झालं आणि दाढेला चिकटू लागलं. बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात अर्धेअधिक खाल्लेले आणि अर्धेही न खाल्लेले बरेच पाव पडले होते. दुकानाबद्दलचा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय त्या डब्यात होता, पण त्याचा व्हिडिओ कुणी काढत नव्हतं. याच पैशांत बसवनगुडीत दोघांचा नाश्ता कॉफीसकट झाला असता.

या पावाचं मूळ दक्षिण कोरियात आहे, आणि तिथे त्याला अर्थ आहे. ग्योंग्जू हे कोरियातलं प्राचीन राजधानीचं शहर. तिथल्या बुल्गुक्सा मठात दाबोताप नावाचा दगडी पॅगोडा आहे आणि कोरियाच्या दहा वॉनच्या नाण्यावर त्याच पॅगोड्याचं चित्र असतं. तेव्हा ग्योंग्जूला पॅगोडा बघायला आलेल्या माणसाला त्याच नाण्याच्या आकाराचा पाव विकणं, ही गावातल्या कुणाला तरी सुचलेली गमतीची कल्पना होती. ती इतकी चालली की २०२३ मध्ये कोरियाच्या मध्यवर्ती बँकेने नाण्याच्या नक्षीच्या वापराला हरकत घेतली. पाव जपानला गेला तेव्हा दहा येनचं नाणं झाला, त्यावर तिकडचं ब्योदोइन मंदिर आलं. बेंगळुरूला पोचेपर्यंत नाण्यावर कुठलंच गाव उरलं नव्हतं. चर्च स्ट्रीटच्या पावावर होतं ते दुकानाचं बोधचिन्ह.

“मामा, चव बघायला तिथे कोण जातं?” भाचा म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की लोक सिनेमाला जातात तसं इथे येतात, करमणुकीचे पैसे देतात, पाव वरून मिळतो. युक्तिवाद वाईट नाही. फक्त सिनेमा पोटात जात नाही, हा एवढाच फरक.

आणि हा फरक कधी कधी महागात पडतो. २०२४ च्या मे महिन्यात बेंगळुरूतल्या एका बारा वर्षांच्या मुलीची बातमी देशभर गाजली. लग्नाच्या स्वागतसमारंभात तिने द्रव नायट्रोजनचं ‘स्मोकी पान’ खाल्लं, पोटात कळा सुरू झाल्या, तपासणीत जठराला भोक पडलेलं निघालं आणि शस्त्रक्रिया करून जठराचा काही भाग काढावा लागला. त्याच्या थोडं आधी दावणगेरेतल्या एका जत्रेत धुराचं बिस्कीट खाऊन कळवळणाऱ्या लहान मुलाचा व्हिडिओ फिरत होता. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि एका लिटरचा साधारण सातशे लिटर वायू होतो. दिसतो तो पांढरा धूर म्हणजे नायट्रोजन नव्हेच, ती हवेतली थंडीने गोठलेली वाफ असते. द्रव पूर्ण उडून गेल्यावर पदार्थ खाल्ला तर काही होत नाही. पण तेव्हा धूरही संपलेला असतो, आणि गिऱ्हाईक तर धुरासाठीच आलेलं असतं. खेळ आणि धोका दोन्ही एकाच क्षणात भरलेले असले, की विकणारा कुठला क्षण निवडणार हे सांगायला नको. त्या प्रकरणांनंतर तामिळनाडू आणि कर्नाटकच्या अन्नसुरक्षा यंत्रणांनी कारवाईचे इशारे दिले.

रंगाचंही तेच. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी गोबी मंचुरियन आणि कापूसमिठाईत कृत्रिम रंग घालायला बंदी जाहीर केली. तपासलेल्या १७१ गोबी मंचुरियनच्या नमुन्यांपैकी १०७ आणि कापूसमिठाईच्या २५ पैकी १५ नमुने असुरक्षित निघाले होते. कापूसमिठाईत रोडामाइन-बी सापडलं, जे मुळात कापड आणि कागद रंगवायचं रसायन. फोटोत लाल रंग लालबुंदच दिसायला हवा, हा हट्ट रीलच्याही आधीचा. रीलने त्याला धार लावली.

गोबी मंचुरियन मात्र या गोष्टीत खलनायक ठरत नाही, हे सांगितलं पाहिजे. मंचुरियन हा प्रकार मुंबईत जन्मला. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वाँग यांनी आलं, लसूण, मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून कोंबडीचे तुकडे परतले, ही त्याची सर्वमान्य कथा. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि कर्नाटकाने तो असा उचलला की आज तालुक्याच्या गावीही संध्याकाळी गोबीची गाडी लागते. तोही एके काळचा नवा चाळाच. पण तो टिकला, कारण रंग काढला तरी खाली खायला काहीतरी उरतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विश्वेश्वरपुरम गाठलं. बेंगळुरूकर त्याला व्ही. व्ही. पुरम म्हणतात. नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झालेले, खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे आणि पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले तेच हे. सज्जनराव चौकाजवळच्या एका गल्लीला सगळे ‘तिंडी बीदी’ म्हणून ओळखतात. आपली खाऊगल्लीच. २०२३ मध्ये महापालिकेने ती खोदून फरसबंदी केली. दिवे लागले की गाड्यांवर तवे तापतात. पर्यटक इथेही भरपूर, फोनही हातोहात.

गल्लीच्या तोंडाशी व्ही. बी. बेकरी आहे, १९५३ ची. खारा बन, रस्क, आणि काचेच्या बरणीत ‘काँग्रेस कडलेकाई’, म्हणजे मसाला लावलेले दोन फाकांत फुटलेले शेंगदाणे. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, त्याआधीचं गाजलेलं अधिवेशन याच शहरात लालबागच्या ग्लास हाउसमध्ये झालं होतं, आणि तेव्हापासून दुभंगलेल्या दाण्याला हे नाव पडलं असं लोक सांगतात. पक्ष पुढे आणखी कितीदा फुटला, दाणे तेवढेच राहिले. हातात पुडी घेतली की तिखट, हिंग आणि तळलेला कढीपत्ता यांचा वास आधी येतो. जाहिरात तेवढीच.

पुढे एका गाडीवर ‘९९ प्रकारचे डोसे’ अशी पाटी. बेंगळुरूत ही पाटी जागोजागी दिसते. मुंबईकराने घाटकोपरच्या खाऊगल्लीत आइसक्रीम डोसा आणि जिनी डोसा पाहिलेला असतो, त्यामुळे आश्चर्य वाटत नाही. तव्यावर पीठ पसरलं, की लोण्याची वडी पडते, मग चिरलेला कांदा, ढोबळी मिरची, पनीर, शेजवान चटणी, वर चीजचा पाऊस, आणि सगळं पावभाजीच्या मॅशरने डोशावरच रगडलं जातं. यादी नीट वाचली तर नव्व्याण्णवाचे खरे प्रकार दहा-बाराच, उरलेली आकडेमोड. पण समोर उभं राहून खाल्लेला डोसा गरम होता, कडा कुरकुरीत होत्या आणि गाडीवाल्याने व्हिडिओसाठी हात थांबवला नाही. ज्याला काढायचा त्याने पळत्या हाताचा काढावा.

थंडीत आलात तर या गल्लीची आणखी एक मजा असते. जानेवारीच्या सुमारास अवरेकाईचा, म्हणजे पावट्या-वालाच्या शेंगांचा मेळा भरतो. वासवी काँडिमेंट्स या दुकानाने गेली पंचवीसेक वर्षं तो चालवला आहे. गर्दी गल्लीत मावेना म्हणून अलीकडे तो जवळच्या नॅशनल कॉलेजच्या मैदानावर नेला. दाणे भिजवायचे, चिमटीत धरून साल सोडवायचं, आतली डाळिंबी बाहेर उडते. बिरड्यासाठी हे काम केलेल्या कुठल्याही रायगडकर बाईला तिथे बसवलं तर ती गप्पा मारता मारता परातभर सोलून देईल. या डाळिंब्यांचा इथे डोसा होतो, उप्पिट्टू होतं, होळिगे म्हणजे पुरणपोळी होते. आणि मग गंमत म्हणून जिलबी, गुलाबजाम, आइसक्रीमही. वालाचं आइसक्रीम हा प्रकार चर्च स्ट्रीटवरच्या कुठल्याही नाण्याइतकाच विक्षिप्त. पण मेळा उभा आहे तो मागडीसारख्या आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या शेंगेवर, तिच्या थंडीतल्या हंगामावर. शेंग संपली की मेळा संपतो. आइसक्रीम ही त्या शेंगेची थट्टा आहे, आणि थट्टा घरच्या माणसाची शोभते.

नव्याला नाक मुरडायची सोय या शहरात मुळीच नाही. ज्याला आपण आज जुनं बेंगळुरू म्हणून डोक्यावर घेतो ते बहुतेक सगळं एके काळी नवं खूळ होतं. लालबाग रस्त्यावरचं एमटीआर १९२४ पासूनचं. उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंचं हे हॉटेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तांदूळ मिळेनासा झाला, तेव्हा तिथे रव्याची इडली करून पाहिली, असं एमटीआरवाले सांगतात. वर काजूचा तुकडा, आत मोहरी-कढीपत्ता, बरोबर बटाट्याचा सागू आणि तुपाची छोटी वाटी. तांदळाशिवाय इडली म्हणजे तेव्हा अब्रह्मण्यमच वाटलं असणार. पुढे आणीबाणीत सरकारने हॉटेलांतले दर इतके खाली आणायला लावले की त्यांना धंदा परवडेना. हॉटेल काही काळ बंद पडलं आणि त्यातून पिठांच्या तयार पाकिटांचा उद्योग उभा राहिला. आज मुलुंडपासून न्यू जर्सीपर्यंत घरोघरी जे रवा इडलीचं पाकीट असतं त्याची मुळं एका तुटवड्यात आणि एका दरसक्तीत आहेत.

उभ्याने खायची ‘दर्शिनी’ही अशीच. १९८३ मध्ये जयनगरात आर. प्रभाकर यांनी कॅफे दर्शिनी काढलं. खुर्च्या नाहीत, वाढपी नाहीत. आधी टोकन, मग समोर काचेपलीकडे शिजणारं बघत स्वतःच ताटली उचलायची, स्टीलच्या उंच टेबलाशी उभं राहून संपवायची आणि निघायचं. हॉटेलात बसायलाही मिळू नये, ही कल्पना तेव्हा विचित्रच होती. पण ऑफिसला निघालेल्या माणसाला दहा मिनिटांत, कमी पैशांत, स्वच्छ जागी खायला मिळालं, आणि आज दर चौकात दर्शिनी आहे.

याच शहरात २०२२ च्या ऑक्टोबरात इडलीच्या यंत्राचा व्हिडिओ गाजला. फ्रेशॉट रोबोटिक्स नावाच्या कंपनीचं हे यंत्र बारा मिनिटांत ७२ इडल्या काढतं. संस्थापकांपैकी शरण हिरेमठ यांनी त्यामागची हकीकत सांगितली आहे: २०१६ मध्ये मुलगी आजारी होती, रात्री उशिरा तिच्यासाठी ताज्या गरम इडल्या हव्या होत्या, आणि त्या कुठे मिळेनात. त्याआधी २०२१ मध्ये आइसक्रीमच्या काडीवर लावलेल्या इडल्यांचा फोटो आनंद महिंद्रांनी टाकला होता आणि लोक दोन दिवस भांडले होते. काडीची इडली आली तशी विरली. नव्याचे नऊ दिवस. यंत्राचं पुढे काय व्हायचं ते होवो, पण त्यामागे रात्री अकराला भुकेलेलं पोर आहे. चर्च स्ट्रीटच्या नाण्यामागे कोण आहे, हे रांगेत उभं राहून खूप शोधलं. फोनशिवाय कुणी सापडलं नाही.

भाचा यावर म्हणाला, रांग तर विद्यार्थी भवनलाही असते. असते, आणि चांगली लांब असते. गांधीबाजारातलं हे १९४३ चं हॉटेल. नाव लिहून घेतात, पुकारा होईपर्यंत फुटपाथवर उभं राहायचं. तिथेही फोन निघतात, कारण वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत रचून टेबलांमधून चालत येतो ते दृश्य आहेच तसं. पण तो ती चळत रचतो, कारण आत माणसं भुकेली बसली आहेत आणि त्याला फेऱ्या वाचवायच्या आहेत. कुणी फोन काढला नाही तरी तो असाच येईल. डोसा बोटभर जाड नाही, पण जाडच, बाहेर खरपूस, आत मऊ, लोण्याने ओथंबलेला. २०२१ मध्ये इंदिरानगरात सुरू झालेल्या रामेश्वरम कॅफेपुढेही अशीच झुंबड असते. अब्दुल कलामांच्या गावाचं नाव घेतलेलं हे हॉटेल. १ मार्च २०२४ ला त्यांच्या ब्रुकफील्ड शाखेत स्फोट झाला, माणसं जखमी झाली, आणि आठवडाभराने शाखा उघडली तेव्हा लोक पुन्हा रांगेत हजर.

ही रांग आता मुंबईतही पोचली आहे. २०२४ मध्ये वांद्र्यात बेंगळुरूच्या लोणी-डोशाचं ‘बेन्ने’ उघडलं आणि एका डोशासाठी माणसं तासभर ताटकळू लागली. माटुंग्यात १९४२ पासून रामा नायकांचं उडुपी आहे, त्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांना याचं हसू येत असेल. मात्र डोशासाठी तासभर उभं राहणं आणि चीजच्या दोरीसाठी उभं राहणं यात प्रस्तुत लेखक फरक करतो, आणि करत राहील.

तेव्हा बेंगळुरूला जाणार असाल तर चर्च स्ट्रीटला जरूर जा. पुस्तकं घ्या, कॉफी हाउसमध्ये बसा, नाण्याची रांग लांबून बघा आणि पुढे चला. बरोबर मुलं असतील तर धूर निघणारं काहीही त्यांच्या हाती देऊ नका, कितीही रडली तरी. भूक राखून शंकरपुरममधल्या ब्राह्मिन्स कॉफी बारला जा. १९६५ पासून तिथे इडली, वडा, खाराभात, केसरीभात आणि कॉफी-चहा एवढंच मिळतं, सांबार मागूच नका, चटणी हवी तेवढी घाला. फक्त वार बघून निघा: ब्राह्मिन्स रविवारी बंद, लालबाग रस्त्यावरचं एमटीआर सोमवारी बंद आणि विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असतं.